कमान क्रमांक तीन

अहवाल बेचाळीस पानांचा होता आणि त्यात एकच माणूस होता. बाकी सगळं आपोआप घडलेलं. भवन बांधण्यात आलं, तपासणी करण्यात आली, छताची स्थिती समाधानकारक असल्याचं आढळून आलं. कुणी तपासलं, कुणाला आढळलं, याचा कुठे उल्लेख नाही. आणि एकोणचाळिसाव्या पानावर अचानक माझे वडील: ‘केअरटेकर श्री. धर्मराज घरत यांनी कमान क्रमांक तीनच्या लोखंडी आकड्याला विनापरवानगी भार टांगला. त्यामुळे काँक्रीटचा भाग निखळून दुर्घटना घडली.’

तो भार म्हणजे प्रदर्शनाचा कापडी फलक. पंचनामा झाल्यावर पोलिसांनी तो परत दिला, तेव्हा मी करंजाड्यातल्या आमच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिला. सव्वाचार किलो. भाजीवाला म्हणाला, “ताई, हे काय तोलताय?” मी फलकाची घडी घातली. बाबांच्या अंगावर जो तुकडा पडला, तो उचलायला चार माणसं लागली होती.

अहवाल लिहिणारे इंजिनिअर शैलेश टिपणीस. डिसेंबरात त्यांनीच हे छत तपासून ते सुस्थितीत असल्याचा दाखला दिला होता. चार जानेवारीला त्याच छताचा तुकडा बाबांच्या अंगावर पडला. मग तो का पडला हे शोधायचं कामही भवनाच्या न्यासाने त्यांनाच दिलं, आणि त्यांना कारण सापडलं. ते कारण उत्तर द्यायला हयात नव्हतं, ही सोय होती.

मी हरकत घेतली. कॉलेजच्या ग्रंथालयातली माझी नोकरी सांभाळून तीन महिने अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, बाकांवर बसून राहिले. शेवटी सरकारी चौकशी समितीने दुसरी इंजिनिअर नेमली, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला कळवलं की फेरतपासणीच्या वेळी मी हजर राहू शकते. तिनेही टिपणिसांचंच म्हणणं उचलून धरलं असतं, तर बाबांच्या नावाचं ते वाक्य कायम झालं असतं. शिवाय पंचवीस तारखेला त्याच छताखाली आंबा महोत्सव भरणार होता.

पनवेलचं हे प्रदर्शन भवन एकोणीसशे एकसष्टचं. कोनशिलेवर अजून ‘कुलाबा जिल्हा’ असंच कोरलेलं आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर होड्या उपड्या घालून ठेवतात, तशा सात पातळ काँक्रीटच्या कमानी एकापुढे एक, आणि आत एकही खांब नाही. भाताचं सुधारित बियाणं, पाण्याचे पंप, शिलाई यंत्रं, पुढे मोबाईल आणि विमानतळाच्या आसपासच्या फ्लॅटच्या योजना, सगळं या छताखाली मांडलं गेलं. बाबा चिरनेरहून विसाव्या वर्षी इथे कामाला लागले आणि एकसष्टाव्या वर्षी इथेच गेले. दर डिसेंबरात, प्रदर्शनाच्या आधी, ते भवनाला आतून चुन्याची सफेदी करायचे. मागच्या अंगणातल्या टाकीत आठवडाभर आधी चुना विरवत टाकायचा, गाळून घ्यायचा, त्यात चिमूटभर नीळ. न्यासाने एकदा डिस्टेंपरचे डबे आणले होते. बाबांनी ते शौचालयाला वापरले. “सणाला घर चुन्यानंच उजळतं,” म्हणायचे.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा समितीने नेमलेली इंजिनिअर रोशनी कडू आधीच आली होती. पस्तिशीची असेल. उरणची. पायात बूट, कमरेला हातोडी. तिने नमस्कार केला, सांत्वनाचं काही बोलली नाही, त्याबद्दल मला तिचे आभार मानावेसे वाटले. न्यासाचे अध्यक्ष सुभाषशेठ दारातल्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. टिपणीस त्यांच्या मागे उभे. आणि आत, झाडू घेऊन, गंगू. आपटा गावाच्या बाजूला एका कातकरी वाडीवर राहते. पंधराएक वर्षं ती बाबांच्या हाताखाली चुना कालवायला यायची. आता महोत्सवासाठी झाडलोट करत होती.

“ये बाय, बस,” शेठ म्हणाले. “उन्हाची कशाला आलीस? सायेब लोक करतील काय ते.”

“उभी राहते.”

“जशी तुझी मर्जी. बापावर गेलीस. त्याला पण खुर्ची दिली की पाठीला काटे टोचायचे.”

मी पुढे गेले.

टिपणिसांनी सुरुवातीलाच आपलं आकड्यांचं पान रोशनीपुढे धरलं. भिंतीवर दाबला की टक् करून मागे उसळतो असा एक हातोडा असतो. तो जितका जास्त उसळेल तितकं काँक्रीट मजबूत समजतात. त्यांचे आकडे उत्तम होते.

“आकडे मलाही हेच मिळतील, सर,” रोशनी म्हणाली. “साठ वर्षं हवा खाल्लेल्या काँक्रीटचा वरचा पापुद्रा कडक होतोच. शिळी भाकरी बाहेरून कडक असते, म्हणून ती ताजी म्हणायची का?”

“मी फक्त हातोड्यावर विसंबलेलो नाही. डिसेंबरात फवारणीही केली आहे. फोटो जोडलेत.”

फोटो मी पाठ केले होते. कमानीचा पांढरा पृष्ठभाग आणि त्यावर गुलाबी डाग. हे औषध निरोगी काँक्रीटवर फवारलं की ते गुलाबी होतं. ज्या काँक्रीटचा कस उडाला आहे, ज्याच्या आतली सळई आता उघडी पडल्यासारखीच आहे, त्याच्यावर रंग चढत नाही. एवढं मी या तीन महिन्यांत वाचून शिकले होते. म्हणून तर ते फोटो पाहून मी रात्र रात्र गप्प बसायचे. गुलाबी म्हणजे छत चांगलं होतं. छत चांगलं होतं म्हणजे चूक बाबांची होती.

रोशनीने फोटो तिरका धरला. “सर, फवारण्याआधी काँक्रीट फोडलं होतंत?”

“खरवडलं होतं.”

“किती?”

“पुरेसं.”

“मग हे ब्रशचे फटकारे कसे दिसतायत?”

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पन्नास वेळा पाहिलेला फोटो, पण मी रंग पाहत आले होते, रंगाचा आकार नाही. तो गुलाबी सपाट नव्हता. त्यात पट्टे होते, डावीकडून उजवीकडे, आणि टोकाला जरा वर वळलेले. बाबांचा उजवा खांदा आखडला होता. ब्रश टोकाशी आला की त्यांचा हात असाच वर निसटायचा. आमच्या घराच्या भिंतींवरही तसंच आहे. टिपणिसांनी माझ्या बापाच्या हाताचा फोटो काढला होता आणि त्याखाली लिहिलं होतं: काँक्रीट निरोगी.

“चुना कधी मारला होता?” रोशनीने विचारलं.

“तुमचं ते मशीनवालं आलं त्याच्या आदी चार दिस,” गंगू झाडूवर हात टेकून म्हणाली. “वला होता अजून कोपऱ्याला.”

टिपणीस हसले. “चुन्याच्या पातळ हाताने रिपोर्ट बदलत नाही, मॅडम.”

रोशनीने इकडेतिकडे पाहिलं. “मावशी, तंबाखू खाता?”

“खाते की. का, बंदी हाय हितं?”

“चुना दाखवा.”

गंगूने कमरेची डबी काढून उघडली. रोशनीने आपल्या बाटलीतून एक फवारा मारला. डबीतला चुना क्षणात गर्द गुलाबी झाला, जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांसारखा.

गंगूने डबी डोळ्यांजवळ नेली. “मंजी माजी डबी पन मजबूत हाय,” ती म्हणाली. “शेठ, मांडा तुमचा आंबा हिच्यात.”

दारातला शेठचा ड्रायव्हर हसला आणि त्यांनी पाहताच गप्प झाला. टिपणिसांचा चेहरा उतरला. मला त्यात सुख वाटलं, आणि ते सुख मी लपवलं नाही.

मग रोशनी परांचीवर चढली. तिसऱ्या कमानीत, खड्डा पडला होता त्याच्या शेजारी, तिने छिन्नी लावून काँक्रीटचा वितभर तुकडा फोडला. ताज्या फुटलेल्या भागावर फवारा मारला. आम्ही खालून वर बघत होतो. पाणी पडावं तसं औषध ओघळलं. रंग आला नाही. तिने आणखी आत फोडलं. नाही आला. चार बोटं आत सळई लागली. तिने हातमोज्यातल्या बोटाने ती खरवडली तर कांद्याची सालं निघावीत तसे गंजाचे पदर सुटून खाली आले. माझ्या चपलेवर एक पडला.

“सळईवर गंज फुगतो, फुगून काँक्रीट ढकलतो,” ती वरून म्हणाली. “हा भाग फलक नसता तरी पडला असता. आज नाहीतर उद्या. सकाळी ठोकून पाहिली, पाचवी कमानही अशीच पोकळ वाजते.”

मी डोळे मिटले. तीन महिन्यांत पहिल्यांदा श्वास पुरा आत गेला. मला वाटलं, झालं. आता ते वाक्य खोडलं जाणार.

पण रोशनी खाली उतरली ती हातात दुसरा एक तुकडा घेऊन. भेगेच्या काठाचा. त्याच्या एका बाजूला पांढरी रेघ होती, बोटभर जाड. नीट पाहिलं तर ती एक रेघ नव्हती. बारीक पांढरे थर, एकावर एक, मधे तागाचे धागे.

“हे कुणी भरलंय?” तिने विचारलं. आवाज बदलला होता. “एका वर्षाचं नाही हे. मी अकरा मोजले.”

मग टिपणीस बोलले, आणि इतक्या मोठ्याने की भवनात घुमलं.

“बघा! भेगा बुजवल्यात! मी डिसेंबरात आलो तेव्हा स्वतः विचारलं होतं त्यांना, कुठे भेग आहे का? हो की नाही शेठ? काय म्हणाले होते ते? ‘एक पन नाय सायेब.’ माझी फसवणूक झाली आहे. हे तुम्ही नोंदवा, मॅडम. हे आधी नोंदवा!”

मला त्यांच्या तोंडावर ती डबी फेकून मारावीशी वाटली. कारण ते खोटं बोलत नव्हते.

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी बाबा माझ्याकडे जेवायला होते. बोंबलाचं कालवण होतं. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले होते, “आज सायेब येऊन गेला. वरवर टकटक केली, फवारलं, मंग बॅटरी मारत फिरला. एक भेग गवसली नाय त्याला.” आणि हसले होते, परीक्षेत कॉपी पचलेल्या मुलासारखे. मी विचारलं नाही की भेगा आहेत का, किती आहेत, तुम्ही खाली उभे राहता त्याच्या वर आहेत का. मीही हसले. त्यांना आणखी कालवण वाढलं.

“बाय, जरा इकडे ये,” शेठ म्हणाले.

ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले. चुन्याची टाकी कोरडी होती, तळाला भेगाळलेला पांढरा थर.

“हे बघ,” ते आवाज उतरवून म्हणाले. “धर्मा माझा माणूस होता. त्याचं नाव खराब व्हावं असं मला पण वाटत नाय. आपण टिपणीसला सांगू, ते वाक्य काढून टाक. त्या कडू बाईला पण समजावू. कारण काय लिहायचं? ‘कालमानानुसार झीज.’ संपलं. धर्माचं नाव नाय, टिपणीसचं नाय, न्यासाचं नाय. तू हरकत मागे घे. तिसऱ्या आणि पाचव्या कमानीला पडदा मारू, बाकीच्यात महोत्सव करू. पुढच्या वर्षी बघू दुरुस्तीचं.”

“पडदा.”

“जाड लावू.”

“भेगा बुजवायला त्यांना कुणी सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला लागतं? धर्माला कळायचं. मी फक्त म्हणायचो, पाव्हणे येणार हायत, नीट दिसलं पायजे.”

“आणि बाबा काय म्हणायचे?”

“काय म्हणणार?”

“मी सांगते काय म्हनायचा,” मागून गंगू म्हणाली. ती पाण्याची बादली घ्यायला आली होती, किंवा तसं दाखवत होती. “दादा बोलला तुमाला, शेठ. मी हितंच चुना गाळत व्हते. बोलला, शेठ, वरून भुकटी पडते, कुनाला तरी दाखवा. तर तुमी काय बोललाव? दुरुस्तीचं नाव काडशील तर भवन पाडायला लावतील, हितं टावर उभा राहील, मंग तू आनि ही गंगू जा वीटभट्टीवर. त्याच्या फुडं दादा बोललाच नाय. ताग घ्यायचा, चुना घ्यायचा, शिडी लावायचा.”

“तू तुझं काम कर गो,” शेठ म्हणाले.

“तेच करतंय.”

शेठ माझ्याकडे वळले. “ऐकलंस ना? हे सगळं भायेर काढलंस तर काय राहील? त्यानं स्वतःच्या हातानं लपवलं, हेच राहील. लोक काय बोलतील? चिरनेरला तुझे काका हायत, भावकी हाय. आज मी ते पुसायला तयार हाय. विचार कर. बाप एकदाच मरतो.”

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, मी केला. तीन महिने मी फक्त एका गोष्टीसाठी धावले होते, की ते वाक्य खोडलं जावं. ते माझ्यासमोर खोडून मिळत होतं, आणि बदल्यात मला फक्त गप्प राहायचं होतं. बाबांनी केलं तेच. मला शेठचा राग आला, टिपणिसांचा आला, पण त्या क्षणी सगळ्यात जास्त बाबांचा आला. ज्या माणसाने मला आठवीत असताना शेजारच्यांची करवंदं तोडली म्हणून परत नेऊन द्यायला लावली, तो शिडीवर चढून अकरा वर्षं भेगांत ताग कोंबत होता. खालून दरवर्षी हजारो माणसं जात होती. पोरंबाळं जात होती. मी जात होते. त्यांना ते छत इतकं प्यारं होतं की त्याखालच्या माणसांचा त्यांना विसर पडला. भांडायला हवं होतं मी त्यांच्याशी. कालवण वाढायला नको होतं.

मी आत गेले. रोशनी पाटावर कागद ठेवून टिपणं काढत होती.

“माझा जबाब घ्या,” मी म्हटलं.

“कशाबद्दल?”

“त्या थरांबद्दल. लिहा. भेगा माझ्या वडिलांनी बुजवल्या. धर्मराज घरत. इंजिनिअरने विचारल्यावर भेगा नाहीत असं ते खोटं बोलले. हे त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि मीही कुणाला कळवलं नाही.”

तिचं पेन थांबलं. “ताई, हे लिहिलं तर त्यांचं नाव अहवालात राहणार. फलकाचं कारण मी खोडणारच आहे. हे तुम्ही सांगितलंच पाहिजे असं नाही. थर कुणी भरले, मी ‘अज्ञात’ लिहू शकते.”

“अज्ञात नाहीत ते. आणि एकटेही नाहीत. पुढे लिहा. त्यांनी दुरुस्ती मागितली होती. न्यासाचे अध्यक्ष सुभाषशेठ यांनी भवन पाडलं जाईल अशी भीती घालून त्यांना गप्प केलं. इंजिनिअर शैलेश टिपणीस यांनी ओल्या चुन्यावर फवारा मारला आणि काँक्रीट पाहिल्याचं लिहिलं. त्यांना एका केअरटेकरच्या तोंडी ‘नाही’वर छत पास करता येत होतं, तर शिकले कशाला होते, हेही लिहा.”

“ते शेवटचं नाही लिहिता येणार.”

“नका लिहू. त्यांनी ऐकलं.”

टिपणीस म्हणाले, “मॅडम, हे बदनामीचं आहे. मी वकिलाशी बोलेन.”

“बोला. त्यांना छताखाली घेऊन या आणि बोला,” मी म्हटलं.

शेठ दारात उभे होते. “सख्खी पोर ना तू त्याची?” ते म्हणाले. यावेळी आवाजात साखर नव्हती. “परक्यानं केलं नसतं असं करतेस बापाचं.”

“परक्याला काय पडली होती?” मी म्हटलं.

रोशनीने सगळं लिहून वाचून दाखवलं. मग समितीच्या वतीने दोन आदेश त्याच पाटावर लिहिले: सातही कमानी आजपासून बंद, आत कुणालाही प्रवेश नाही. आंबा महोत्सव रद्द करायचा की दुसरीकडे भरवायचा, हे न्यासाने बघावं. शेठ गाडीत जाऊन बसले. निघण्याआधी त्यांनी ड्रायव्हरकरवी गंगूला निरोप दिला की उद्यापासून यायची गरज नाही.

“सांग त्याला,” गंगू ड्रायव्हरला म्हणाली, “उद्या माजी सुट्टीच हाय.”

मी सही केली. साक्षीदार म्हणून गंगूला बोलावलं. ती झाडू भिंतीला टेकवून आली, अंगठा पुढे केला, आणि शाईच्या पॅडवर टेकवायच्या आधी मागे घेतला.

“वाच परत,” ती रोशनीला म्हणाली. “धर्मादादाचं हाय तेवडं.”

रोशनीने वाचलं. भेगा धर्मराज घरत यांनी बुजवल्या. विचारल्यावर ते खोटं बोलले.

“खरं हाय,” गंगू म्हणाली. “चुना कालवला मीच, ते पन घाल. आनि फुडं घाल, दादा, शेठ आनि ह्यो सायेब, खोटं तिगं बोलले, मेला त्यातला एकच.”

“मावशी, असं अहवालात लिहीत नाहीत.”

“मंग अंगठा नाय.”

रोशनीने माझ्याकडे पाहिलं. मग ओळीच्या शेवटी जागा होती तिथे बारीक अक्षरात ते वाक्य लिहिलं, गंगूने सांगितलं तसंच. गंगूला वाचता येत नाही. तिने कागद मला दिला.

“हाय का, ताय?”

“आहे.”

तिने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला, इतका वेळ दाबून धरला की पाट हलला.